मुलीचं लग्न, भुवयांमधली आठी आणि जाऊबाईंचं ‘विष’

पत्र:

ताई नमस्कार, मी ४७ वर्षांची, सांगलीत शाळेत शिकवते. माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेषा पडल्यात, इतक्या खोल की वर्गात शिरले की पोरं एकमेकांना म्हणतात मॅडम आज तापल्यात, आणि मी काही तापलेली वगैरे नसते हो. मुलीचं लग्न सहा आठवड्यांवर आलंय, सगळ्या फोटोंत मी चिडलेली दिसणार याची आत्तापासून धास्ती घेतलीय. आमच्या पार्लरवाल्या म्हणाल्या बोटॉक्स करून टाका, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा बाहेरून एक सर येतात, फुल फेस पाच हजारात, मी एक हजार ॲडव्हान्स पण दिलाय. मागच्या वर्षी त्यांच्याकडेच केसांचं बोटॉक्स केलं होतं, काही त्रास झाला नाही, म्हणजे तुम्हाला सूट होतं असं त्या म्हणतात. पण घरात सांगितलं आणि महाभारत सुरू. जाऊबाई म्हणतात ते विष असतं, रक्तात गेलं की संपलं. आमचे हे म्हणतात चेहरा दगड होतो, पाठवणीला रडू पण येणार नाही. शाळेतल्या एक मॅडम म्हणतात एकदा सुरू केलं की सोडता येत नाही, सोडलं की आधीपेक्षा म्हातारं दिसतं. शेजारणीच्या नणंदेचा एक डोळा म्हणे महिनाभर अर्धा मिटलेला होता. मला बीपीची गोळी आहे आणि दोन वर्षांपासून एकोस्प्रिन. गालांवर वांग आहेत, ते पण यानं जातील का? करू की नको ते स्पष्ट सांगा.
ता. क. हे आता हळूच विचारतायत की पुरुषांना पण करतात का.
— न तापलेल्या मॅडम, सांगली

उत्तर:

मॅडम नमस्कार,

आधी पार्लरचं बोलते, बाकीचं चहा घेत सावकाश वाचलंत तरी चालेल पण हे नाही. त्या सरांकडून काहीही टोचून घेऊ नका. हजार रुपये परत मागा, नाही मिळाले तर सोडून द्या, पण त्या खुर्चीत बसू नका. का ते पुढे सांगतेच. तुमचं पत्र वाचून मला हसू पण आलं आणि राग पण, कारण घरातल्या प्रत्येकानं तुम्हाला घाबरवलंय ते नको त्या गोष्टीचं, आणि ज्याची खरंच भीती वाटायला हवी त्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही.

केसांच्या बोटॉक्सचं एका वाक्यात उरकते. बोटॉक्स म्हणजे स्नायू काही महिने सैल ठेवणारं इंजेक्शन, ते त्यात नसतं. म्हणजे अजिबातच नसतं, एक थेंब सुद्धा नाही, ती केस मऊ आणि सरळ करायची ट्रीटमेंट आहे आणि नाव खपतं म्हणून लावलंय. (काही प्रॉडक्टमधून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, तो वेगळा विषय.) तेव्हा ते केस तुम्हाला सूट झाले म्हणून हे इंजेक्शन सूट होणार हा पार्लरवाल्या बाईंचा हिशोब कुठून आला ते त्यांनाच माहीत. तसंच बरण्यांवर, ट्यूबवर ‘बोटॉक्स इफेक्ट’ लिहिलेलं असतं त्याचं, वरून क्रीम चोपडून स्नायू सैल होत नाही, औषध सुईनं स्नायूतच जावं लागतं.

आता जाऊबाई. त्या खोटं बोलत नाहीयेत, अर्धं बोलतायत. हे औषध क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या बॅक्टेरियापासून मिळतं आणि तोच बॅक्टेरिया नीट न उकळलेल्या, हवाबंद डब्यात भरून ठेवलेल्या अन्नात वाढला तर बोट्युलिझम होतो, माणसाला गिळता येत नाही, श्वास घेता येत नाही. माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी हे एक, यात वादच नाही. पण सगळा खेळ मात्रेचा आहे. भुवयांमधल्या रेषांसाठी बोटॉक्सची ठरलेली मात्रा आहे २० युनिट, पाच ठिकाणी मिळून. माणसाचा जीव जायला किती लागेल याचा अंदाज माकडांवरच्या प्रयोगांवरून बांधलेला आहे, तो साधारण ७० किलोच्या माणसाला ३,००० युनिटच्या आसपास येतो. वीस कुठे आणि तीन हजार कुठे. आणि जाऊबाईंना हेही सांगा की ज्यांना महिन्यातून निम्म्याहून जास्त दिवस डोकं दुखतं अशा जुनाट मायग्रेनच्या पेशंटना हेच औषध १५५ युनिट देतात, डोकं-मान-खांदे मिळून ३१ ठिकाणी, दर तीन महिन्यांनी. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या, मुलांचे पायाचे ताठलेले स्नायू सैल करायला हेच. काखेत घामाच्या धारा लागतात त्यांना हेच. ज्यांना दर अर्ध्या तासाला लघवीला धावावं लागतं आणि गोळ्यांनी फरक पडत नाही त्यांच्या मूत्राशयात हेच. सुरकुत्या हा याच्या अनेक उपयोगांपैकी फक्त एक म्हणायला हवा.

आणि ते रक्तात जाऊन सगळीकडे फिरतंय असं पण नाही. नीट मात्रेत दिलं तर जिथं टोचलं तिथल्याच नसांच्या टोकांना ते धरून बसतं. तुम्ही कपाळाला आठी घालता तेव्हा नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि तो निरोप मिळाला की स्नायू आकसतो, हे औषध ते रसायन सुटूच देत नाही, एवढंच त्याचं काम. कातडीला ते काहीच करत नाही बरं का. सुरकुती भरत नाही, कातडी ताणत नाही, खालचा स्नायू ओढायचा थांबतो म्हणून वरची घडी पडायची थांबते. हे नीट लक्षात घेतलंत तर तुमचे निम्मे प्रश्न इथेच सुटतील.

याची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे, जाऊबाईंना सांगायला उपयोगी पडेल. ॲलन स्कॉट म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर होते, तिरळ्या डोळ्यांचं ऑपरेशन टाळता येईल का या शोधात त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी हे औषध पहिल्यांदा माणसांच्या डोळ्याच्या स्नायूत टोचलं. अमेरिकेत १९८९ साली परवानगी मिळाली ती तिरळेपणासाठी आणि डोळे आपोआप गच्च मिटत राहतात त्या आजारासाठी, सुरकुत्यांचा तेव्हा पत्ता नव्हता. इकडे कॅनडात व्हँकुव्हरला कॅरुथर्स म्हणून डॉक्टर नवरा-बायको, ती डोळ्यांची डॉक्टर आणि तो स्किनचा. डोळे मिटण्याच्या आजाराची तिची एक पेशंट १९८७ च्या सुमारास कुरकुर करायला लागली की या वेळी भुवयांच्या मधे का नाही टोचलंत, तिथं टोचलं की माझा चेहरा कसा शांत दिसतो. बाईनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मग त्यांनी आपल्या रिसेप्शनिस्टच्याच आठीवर करून बघितलं, आणि १९९२ मध्ये दोघांनी मिळून पेपर छापला. अमेरिकेत भुवयांमधल्या रेषांसाठी अधिकृत परवानगी आली २००२ साली. म्हणजे तुम्ही जी तक्रार घेऊन आलायत, न चिडता चिडलेली दिसते ही, बरोब्बर तिथूनच हे सगळं सुरू झालंय. तुम्ही काही नटवेपणा करत नाही आहात, आणि करत असतात तरी तो तुमचा प्रश्न, पाच पैशाचा खुलासा द्यायची गरज नाही कुणाला.

मिस्टरांचं म्हणणं, चेहरा दगड होतो. होतो ना, केला तर होतो. टीव्हीवर जे गुळगुळीत, भुवई न हलणारे चेहरे तुम्ही बघता ते एक तर भरमसाठ मात्रेचे असतात नाही तर सगळ्या कपाळभर टोचलेले. कपाळाचा जो आडवा स्नायू आहे ना त्याच्यावर भुवया पेललेल्या असतात, तो पार झोपवला की भुवया खाली येतात, डोळे जड वाटतात, आणि चेहऱ्यावर आश्चर्य, कौतुक काहीच उमटत नाही. उलट कपाळाच्या मधेच टोचलं आणि कडा मोकळ्या राहिल्या की भुवईची बाहेरची टोकं वर चढतात आणि बाई कायम संशयाने बघतेय असं दिसतं. हे औषधाचं नाही, हाताचं काम आहे. फक्त भुवयांमधल्या रेषांवर नेमकी मात्रा दिली तर तुम्हाला आठी घालता येणार नाही, बास, हसता येईल, भुवया वर करता येतील, आणि पाठवणीला रडू तर येईलच येईल कारण आठीच्या स्नायूत टोचलेल्याचा डोळ्यातल्या पाण्याशी संबंधच काय. वर्गातली पोरं जरा शेफारतील कदाचित, आठीशिवाय गप्प बसवायचा दुसरा काहीतरी उपाय शोधा.

एक फरक इथेच सांगून टाकते. ओठ फुगलेले, गाल वर आलेले, चेहरा सुजल्यासारखा, हे बघून लोक म्हणतात बोटॉक्स केलंय, ते बोटॉक्स नसतं, ते फिलर. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल, ते खड्डा भरतं किंवा फुगवटा देतं. दोन्ही वेगळी औषधं, वेगळी कामं, आणि धोके पण वेगळे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी काळी पडून मरू शकते, क्वचित नजर सुद्धा जाते. तुमच्या त्या ‘फुल फेस’मध्ये ते सर नेमकं काय काय भरणार होते हे पार्लरवाल्या बाईंना तरी माहीत होतं का? विचारून बघा सहज.

शाळेतल्या मॅडमचं म्हणणं पण मी रोज ऐकते. एकदा केलं की सोडता येत नाही. तर याची सवय शरीराला लागत नाही. टोचल्यावर दोन-तीन दिवसांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण असर दिसायला दोन आठवडे लागतात, आणि तीन ते चार महिन्यांत नसांचं काम पूर्ववत होऊन स्नायू पुन्हा हलायला लागतो. मग तुम्ही परत केलं नाहीत तर रेषा जिथं होत्या तिथं येतात. आधीपेक्षा जास्त येत नाहीत. पण होतं काय की चार महिने गुळगुळीत कपाळ बघायची सवय झालेली असते, आपण आधी कसे दिसायचो ते माणूस विसरतो, आणि मग आरशात तीच जुनी आठी दिसली की वाटतं अरे बापरे मी किती म्हातारी झाले. फोन उघडून जुना फोटो बघायचा, विषय संपतो. उलट जे वर्षानुवर्षं करतात त्यांचा तो स्नायू न वापरल्यानं थोडा बारीक होतो आणि मात्रा कमी पुरते असंही दिसतं. सवय लागते ती मनाला, आणि खिशाला चाट बसते ती दर चार महिन्यांनी, तो विचार मात्र आधीच करा कारण हे विम्यात बसत नाही, सुंदर दिसण्यासाठीच्या उपचारांवर वर जीएसटी पण लागतो.

याच्याच उलट गैरसमज असा की एकदा टोचलं की रेषा पुसल्या. तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. आत्ता उठा, आरशासमोर उभ्या राहा आणि चेहरा अगदी सैल सोडा. रेषा नाहीशी होत असेल तर औषधानं छान फरक पडेल. सैल सोडला तरी रेषा तशीच खोदलेली दिसत असेल, आणि तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतंय, तर ती पहिल्या खेपेला उथळ होईल पण पुसली जाणार नाही. फोटोत चिडलेल्या दिसणार नाही एवढं नक्की, पंचविशीचं कपाळ मिळणार नाही हेही नक्की.

आता शेजारणीच्या नणंदेचा डोळा. ही ऐकीव गोष्ट असली तरी होण्यासारखी आहे, मी अजिबात उडवून लावणार नाही. भुवयांमधे टोचलेलं औषध थोडं खाली सरकलं आणि वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं तर पापणी खाली येते. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये हे १०० पैकी साधारण ३ जणांना झालं होतं, जाणकार हातात त्याहून कमी होतं. यावर तोड म्हणजे थांबणं. फिलर विरघळवायला इंजेक्शन आहे, याला तसं काही नाही, पापणी काही आठवड्यांत आपोआप वर येते, तोवर डॉक्टर डोळ्यात घालायचे थेंब देतात त्यानं पापणी एक-दोन मिलिमीटर उचलली जाते. नजर जात नाही, कायमचं होत नाही. पण लेकीच्या लग्नात एक डोळा अर्धा मिटलेला हे काही कुणाला नको, म्हणून तारखांचं गणित महत्त्वाचं, ते खाली देते. बाकी टोचल्या जागी निळं पडणं, एक-दोन दिवस डोकं दुखणं हे बऱ्याच जणांना होतं, त्याचं काही विशेष नाही.

आणि आता ज्याची भीती वाटायला हवी ते. बाटलीत काय आहे आणि हात कुणाचा आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात २००४ साली चार माणसं व्हेंटिलेटरवर गेली होती. त्यांना टोचलेलं होतं ते प्रयोगशाळेत संशोधनासाठी विकलं जाणारं कच्चं विष, माणसासाठी बनवलेलं औषधच नव्हतं ते, आणि टोचणाऱ्याचं लायसन्स आधीच निलंबित होतं, गंमत म्हणजे त्या चौघांत तो स्वतः पण होता. ही जुनी गोष्ट झाली म्हणाल तर २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्याच सरकारी आरोग्य यंत्रणेनं बनावट किंवा नको तिथं, नको त्या माणसाकडून टोचलेल्या इंजेक्शनमुळे ११ राज्यांत २२ बायकांना त्रास झाल्याचं जाहीर केलं, त्यातल्या ११ जणींना हॉस्पिटलात भरती करावं लागलं. कुणी घरी टोचून घेतलं होतं, कुणी पार्लर-स्पामध्ये. बघा म्हणजे, जाऊबाई म्हणतात ते विष इथं खरंच विष होऊन बसलं, आणि कारण मात्रा आणि माल दोन्ही कुणाच्या ताब्यात नव्हते.

आपल्याकडे जास्त करून दुसरंच होतं. औषधाची बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, पावडर असते, ती सलाइनमध्ये कालवायची, आणि लेबलप्रमाणे कालवल्यावर २४ तासांत संपवायची. आता तुमचे सर महिन्यातून एकदा बॅग घेऊन येणार. ती बाटली फ्रीजमध्ये होती का, एसटीतून आली का, कधी कालवली, किती सलाइन घातलं, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. हिशोब करून बघा ना तुम्ही, शिक्षिकाच आहात. भुवयांमधे २०, कपाळावर २०, डोळ्यांच्या कडांना दोन्ही बाजू मिळून २४, असे लेबलप्रमाणे ६४ युनिट होतात. एवढं खरं औषध, वर त्या माणसाची फी, पार्लरवाल्या बाईंचं कमिशन, हे सगळं पाच हजारात बसतं का? बसत नाही. मग एक तर पाणी जास्त आहे, किंवा माल दुसराच आहे. पाणी असलं तर पैसे गेले म्हणायचं आणि देवाचे आभार मानायचे.

युनिटवरून आठवलं, मैत्रिणींमध्ये ही तुलना फार चालते की तिला तिच्या डॉक्टरांनी ५० युनिट दिले आणि मला फक्त २०, म्हणजे मला फसवलं. प्रत्येक कंपनीचं युनिट वेगळं असतं. डिस्पोर्ट नावाचं औषध असेल तर याच रेषांना ५० युनिट लागतात, बोटॉक्स असेल तर २०, दोन्ही बरोबर. बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे, बाजारात दुसरी पण रीतसर परवानगीची आहेत, तेव्हा दुसरं नाव दिसलं म्हणून लगेच बनावट समजू नका. फक्त विचारा कुठलं आहे ते.

तर जायचं कुणाकडे. स्किनमधली एमडी ही डिग्री किंवा डीव्हीडी हा डिप्लोमा असलेले डॉक्टर, नाही तर प्लास्टिक सर्जन, ज्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बोर्डावर किंवा प्रिस्क्रिप्शनवर आहे. तो नंबर कौन्सिलच्या साइटवर टाकून बघता येतो, लाजायचं नाही, मी माझ्या पेशंटना सांगते की माझा पण बघा. ‘एस्थेटिशियन’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘स्किन एक्स्पर्ट’ असल्या पाट्यांच्या खाली डिग्री काय लिहिलीय ते वाचा. टोचायच्या आधी बाटली बघायला मागा, नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चांगला डॉक्टर स्वतःहून दाखवतो. ज्याला राग येतो तिथून उठून यायचं. सांगलीत आणि शेजारी मिरजेत डॉक्टरांना तोटा आहे का, अख्खा महाराष्ट्र तिकडं उपचाराला येतो आणि तुम्ही पार्लरमध्ये कुठं बसताय, हात दाखवून अवलक्षण.

गोळ्यांचं. बीपीच्या गोळीनं साधारणपणे अडत नाही, पण डॉक्टरांना नाव सांगा. एकोस्प्रिननं रक्त पातळ राहतं त्यामुळे टोचल्या जागी निळे डाग पडायची शक्यता जास्त. म्हणून ती गोळी तुमच्या मनानं बंद करायची नाही हं, पार्लरवाल्या बाईंनी सांगितलं तरी नाही, तुम्हाला ती कुणीतरी हृदयासाठी दिली असेल आणि आठीसाठी हृदय पणाला लावायचं नाही. डाग आठवडा-दहा दिवसांत जातो, कन्सीलरखाली लपतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायू-नसांचा आजार असेल त्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊच नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आम्ही देत नाही, टोचायच्या जागी पिकलेला फोड असेल तर थांबायचं. जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर तेही सांगायचं.

वांग यानं जाणार नाहीत. एक कणही नाही. वांग म्हणजे कातडीतला रंग, हे औषध स्नायूचं, दोघांची गाठच पडत नाही. डोळ्याखालची काळी वर्तुळं, लोंबणारी हनुवटी, यालाही हे नाही. आणि खरं सांगू का, आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा पडतात, आपल्याला आधी त्रास देतात ते वांग आणि डाग, तरी बायका येतात त्या बोटॉक्स विचारत येतात आणि सनस्क्रीन म्हटलं की तोंड वाकडं करतात. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन रोज सकाळी, शाळेत मैदानावर उभं राहायचं असेल तर दोन-तीन तासांनी परत. वांगांसाठी मेडिकलमधून शेजारणीनं सांगितलेली स्टेरॉइडची ट्यूब आणून लावत असाल तर तेवढं आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यानं चेहऱ्याची पार वाट लागते. वांगाला महिने लागतात, सहा आठवड्यांत लग्नापर्यंत चमत्कार होणार नाही पण सुरुवात होईल.

आता तारखा. सहा आठवडे आहेत म्हणजे हातात वेळ आहे, पण फार नाही. करायचंच असेल तर या किंवा पुढच्या आठवड्यात करा. दोन आठवड्यांनी परत दाखवायला जा, काही कमी-जास्त असेल तर डॉक्टर तेव्हा सुधारतात, त्याआधी ‘काहीच फरक नाही’ म्हणून फोन करू नका. एवढं करून लग्नाला निदान दोन-तीन आठवडे उरतात, डाग पडला, पापणी थोडी उतरली तर सावरायला वेळ मिळतो. काही कारणानं लांबलं आणि लग्न तीन आठवड्यांवर आलं तर इंजेक्शन सरळ रद्द करा, लग्नानंतर निवांत करा. ज्या दिवशी टोचाल त्या दिवशी तिथं चोळायचं नाही, तीन-चार तास आडवं व्हायचं नाही, जोराचा व्यायाम नाही, आणि फेशियल, मसाज, वाफ हे निदान आठवडाभर पुढे ढकला, लग्नघरात हे पॅकेज आधीच बुक झालेलं असतं म्हणून सांगते. थ्रेडिंग आधीच उरकून घ्या. हळदीच्या दिवशी मात्र चेहऱ्याला कुणी कितीही हळद फासली तरी चालेल.

आणि टोचल्यावर काही तासांपासून ते काही आठवड्यांपर्यंत कधीही गिळायला जड गेलं, बोलताना जीभ अडखळली, एकाचे दोन दिसायला लागले, मान किंवा हातपाय लुळे वाटले, श्वास लागला, तर डॉक्टरांना मेसेज करून वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटलात इमर्जन्सीला. नीट मात्रेत हे अगदी क्वचित होतं पण माहीत असलेलं बरं.

करू की नको म्हणालात. माझं मत विचाराल तर फक्त भुवयांमधलं करा, योग्य माणसाकडे, आणि पहिल्यांदाच आहे तर कपाळ आणि डोळ्यांच्या कडा या खेपेला सोडा. कपाळ सोडा कारण तिथंच पहिल्या खेपेला गडबड व्हायची शक्यता असते, आणि डोळ्यांच्या कडा सोडा कारण त्या हसतानाच दिसतात, लग्नात हसणारी आई कुणाला खटकत नाही. आणि आरशासमोर उभं राहून वाटलं की नको, राहू दे, तर तेही ठीक, फोटोग्राफरला सांगा समोरून कडक उन्हात फोटो घेऊ नको, उन्हानं भुवया आपोआप आकसतात आणि तुमच्या त्या रेषा दुप्पट होतात. निम्मे चिडके फोटो उन्हामुळे असतात.

मिस्टरांना सांगा हो, पुरुषांना पण करतात, चिक्कार करतात, पण सांगत नाहीत. त्यांचे ते स्नायू जाड असतात त्यामुळे मात्रा सहसा जास्त लागते, म्हणजे बिल पण जास्त. आधी तुमचं होऊ दे म्हणावं.